वेलावर वाळणाऱ्या शेंगा

वाटाण्याची शेंग वेलावर वाळताना आधी पिवळी पडते, मग सुरकुतते आणि शेवटी बोट लावलं की आतले दाणे खुळखुळतात. सध्या रोज सकाळी मी अंगणात जाऊन शेंगा हलवून पाहतो. अजून खुळखुळत नाहीत.

जांभळ्या फुलांच्या या वाटाण्याचं बी माझ्या बायकोनं, सुमननं, माहेरून आणलं होतं. बाजारात ते मिळत नाही. जुनं झालं की उगवतही नाही, म्हणून दर हिवाळ्यात पेरायचं आणि भरलेल्या शेंगा बियाण्याला राखायच्या. ती गेल्यापासून हे मी करतो. खरं सांगायचं तर मला वाटाणा आवडतसुद्धा नाही.

आज संध्याकाळी मुलीचा नाशिकहून फोन आला. "बाबा, रविवारी बाळाचं बारसं. येताय ना?"

"शेंगा वाळल्या की निघतोच. आत्ता आलो तर पोपट एक दाणा ठेवणार नाहीत."

ती म्हणाली, "आईपण असंच म्हणायची. माझ्या एकाही स्नेहसंमेलनाला आली नाही ती."

फोन ठेवून मी पिशवी घेतली आणि अंगणात गेलो. बारशाच्या घुगऱ्यांना होतील, असं म्हणत अर्धवट वाळलेल्या शेंगा तोडत सुटलो. शेवटच्या वेलाला मात्र हात लाववेना; पुढच्या पेरणीचं बी आता तेवढंच उरलं होतं. पिशवी काखेत धरून बराच वेळ मी तिथेच उभा राहिलो. नाशिकची गाडी सकाळी सातला सुटते.