गाय वर कशी आली

निमगाव केतकीच्या स्टँडवरून जगन्नाथपुरीच्या यात्रेची गाडी निघाली तेव्हा जागा खरे तर सासूबाईंची होती. त्यांचा गुडघा सुजला म्हणून मला बसवले. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सासूबाई खिडकीखालून एवढेच म्हणाल्या, "अंधारात त्यास्नी दिसत न्हाय. जसं नेतीस तसं माघारी आण."

लग्नाला अकरा वर्षे झाली होती, पण मामंजी आणि मी कधी समोरासमोर बोललो नव्हतो. चहा हवा असला की ते भिंतीला सांगायचे. गाडीत भिंत नव्हती, म्हणून ते पुढच्या सीटच्या पाठीला सांगू लागले.

पाचव्या दिवशी विशाखापट्टणमच्या वरच्या डोंगरात बोऱ्याच्या गुहा (तिकडे बोर्रा गुहलु म्हणतात) पाहायला गाडी थांबली. डोंगर तळापासून माथ्यापर्यंत हिरवे होते आणि ढग रस्त्यावर उतरले होते. जेवायला पानावर अन्नम (भात) होता. भाकरी मागितली तर वाढपी "लेदु" (नाही) म्हणाला आणि आणखी भात वाढला.

गुहेच्या तोंडात साखर कारखान्याचे गोदाम सहज बसले असते. आत चुनखडीचे खांब होते, काही वरून लोंबणारे, काही खालून वाढलेले. पाणी ठिबकून ठिबकून ते झाले, असे वाटाड्याने सांगितले. मामंजींनी नखाने थोडी चुनखडी खरवडली, तंबाखूत मळली आणि दाढेखाली धरली. "चुना कच्चा हाय," असे त्यांनी एका खांबाला सांगितले.

आत जागोजागी बल्ब होते, तरी उजेड कमीच. सासऱ्यांचा हात सुनेने धरायचा नसतो, म्हणून त्यांच्या काठीचे एक टोक मी धरले होते आणि दुसरे त्यांनी.

छताला एक मोठे भोक होते. वाटाड्याने तोडक्या हिंदीत त्याची गोष्ट सांगितली. वर चरणारी एक गाय त्या भोकातून खाली पडली. गुराखी शोधत आत आला, तर गाय जिवंत उभी आणि शेजारी दगडाचे शिवलिंग. देवानेच तिला तारले. सगळ्यांनी हात जोडले.

मामंजींनी उभा जन्म मेंढरे राखली होती. कालव्याचे पाणी आल्यावर कळप विकून ऊस लावला, त्याला तीन वर्षे झाली होती. ते म्हणाले, "ते समदं खरं. पर गाय वर कशी काढली?"

वाटाड्याने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. गाय पुन्हा पडली.

आम्ही पुढे निघालो. थोड्या पायऱ्या उतरल्यावर मला काठी हलकी वाटली. वळून पाहिले तर दुसऱ्या टोकाला कोणी नव्हते. तेवढ्यात लाईट गेली.

कोणी हलू नका, असे वाटाडा सांगू लागला. खाली खोल नदी वाहत होती, तिचा आवाज येत होता, आणि पुष्कळ ठिकाणी कठडा नव्हता. मामंजींना हाक मारायला हवी होती. त्यांचे नाव मला घेता येत नव्हते. "मामंजी" हा शब्द मोठ्याने कधी तोंडातून निघाला नव्हता, आणि आता तर भोवती चाळीस माणसे होती. शेवटी जे तोंडाला आले ते ओरडले.

"हुर्रर्र, ह्यो, ह्यो, ह्योऽ!"

दिवस मावळताना मामंजी मेंढरांना द्यायचे ती हाळी. गुहेने ती चार वेळा परत दिली. मग वरच्या अंगाने आवाज आला, "हितं हाय. गाय कुठनं निघाली ती वाट बघतुय."

"हलू नगा," मी म्हणाले. "हाय तितंच बसा."

ते बसले. वाटाडा बॅटरी घेऊन पोचेपर्यंत मी हाळी देत राहिले आणि ते ओ देत राहिले. ते बसले होते तिथून कडा दोन हातांवर होता.

गाडीत बसल्यावर त्यांनी आधी तंबाखू मळली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही आमच्या घरची हाळी. तुला कुणी शिकवली?"

"कुणी न्हाय. तुमी रोज द्यायचा, ती ऐकून."

"शेवटचा सूर वर न्यायचा आसतो. तू खाली पाडलास. आशानं मेंढरू थांबतं, येत न्हाय."

"मला थांबवायचंच हुतं," मी म्हणाले.

 पुरीपर्यंत त्यांनी तो सूर माझ्याकडून घोटून घेतला. पुढच्या सीटवरच्या बाईंनी दोनदा वळून बघितले.

निमगावला उतरल्यावर सासूबाईंनी त्यांना खालीवर न्याहाळले. ती हाळी आता मला शेवटच्या सुरापर्यंत नीट येते. दाराबाहेर चारी बाजूंनी ऊस आहे. तो उभ्या जागी राहतो, त्याला बोलवावे लागत नाही.