ओल्या चंबूची मावशी

स्वतःची नोकरी जाईल असं खरं तुम्ही शेवटचं कधी बोललात? आठवत बसू नका, दिवस मावळेल. बोललेली बाई मी दाखवतो.

आमच्या कंत्राटी कामगार संघटनेतली ही मावशी संशोधन संस्थेत काचेची भांडी धुते. एकवीस वर्षं झाली. सगळे तिला चकचकमावशी म्हणतात. तिच्या घरी चहा नेहमी गार. कप उजेडात धरून बघितल्याशिवाय ती ओतत नाही, आणि ओतल्यावर तिला पुन्हा संशय येतो. जावई एकदा वैतागून म्हणाला, "आता मलाच धुऊन घ्या." तिनं त्याच्या कॉलरकडे बघितलं. "आधी भिजत घालावं लागेल."

तिच्या प्रयोगशाळेत मिथेनचं मिथेनॉल करायचं चाललंय. मिथेन म्हणजे गटारात, शेणात, कचऱ्याच्या ढिगात होतो तो वायू. तेलाच्या विहिरीतूनही निघतो. एक कंपनी तो वर्षानुवर्षं फुकट जाळत आली, आणि आता त्याचं काही कामाचं रसायन होतं का बघायला प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे आमच्या सरांना, पैसे देते. मी नववी नापास, पण एवढं मला कळतं. मिथेनॉलपासून पुढे गोंद होतो, रंग होतो. तीन वर्षांत सरांनी काढलं ते मात्र मुंगीचे पाय ओले होतील एवढंच.

त्या दिवशी कंपनीचे साहेब प्रयोग बघायला आले. पसंत पडला तर आणखी तीन वर्षं पैसे. नाही तर प्रयोगशाळेला कुलूप आणि मावशी घरी. मी साहेबांना कामगारांचं निवेदन द्यायला गेलो होतो. शर्टाला इस्त्री होती, म्हणून दारावरच्यानं मला पाहुणा समजून आत सोडलं.

यंत्र सुरू झालं. एका टोकाला वायूची टाकी, दुसऱ्या टोकाला बर्फात बसवलेला चंबू. तासाभरानं चंबूतला द्रव तपासणीला लावला आणि पडद्यावरची मिथेनॉलची रेघ जी वर गेली ती थेट पडद्याबाहेर! नेहमीच्या शंभरपट! सर खुर्चीवर चढले. साहेबांनी त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली. मलाही कुणीतरी मारली, तीही निवेदन न वाचता.

तेवढ्यात मावशी हात पुसत पुढे आली. "सर, कडेला टवका उडालेला तोच ना हा चंबू?"

"तोच! सोन्याचा चंबू, मावशी!"

"सोन्याचा कसला! सकाळी भांडी वाळवायचं ॲसिटोन संपलेलं. मग मी हा मिथेनॉलनं खळबळून काढला, लवकर वाळतो म्हणून. पण तुमची घाई, 'आणा मावशी, आणा मावशी!' ओलाच दिला की मी."

मी मागून खोकलो. डोळे वटारले. शेवटी तिच्या पायावर पाय दिला. जन्मभर रस्त्यावर 'खरं बोला' म्हणून घसा फोडला, पण तेव्हा वाटलं, बाई, आजचं तेवढं गीळ.

"भाऊ, पाय काय देताय?" ती माझ्यावरच खेकसली. "चंबूत निघालं ते बाटलीतलं. माझी चूक. यंत्राचं त्यात काही नाही."

सर खुर्चीवरच राहिले. उतरायचं कसं ते विसरले असावेत.

मग तिनं कोरडा चंबू आणला. पुन्हा तासभर. रेघ कशीबशी उठली आणि आडवी झाली. साहेबांनी सरांना सोडून तिलाच विचारलं, "एवढंसं तरी खरं ना?"

"ते खरं. हा मी वाळवलाय."

साहेबांनी तीन नाही, पण एका वर्षावर सही केली. म्हणाले, "इथल्या आकड्यावर आता भरवसा ठेवता येईल."

प्रयोगशाळा वाचली. आणि चारच दिवसांत कार्यालयानं मावशीला चिठ्ठी धाडली: पाहुण्यांसमोर संस्थेची मानहानी, निष्काळजीपणा, महिनाअखेर काम बंद. वा रे न्याय! जिच्यामुळे पैसे आले तिलाच दार दाखवताय? आणि घाई कुणी केली, ते चिठ्ठीत कुठंय? सरांना विचारलं तर ते शरमेनं लाल झाले, आणि मावशीला कामावर ठेवा या आमच्या अर्जावर पहिली सही त्यांनीच केली.

अर्ज माझ्याकडे आहे. संस्थेच्या फाटकाबाहेर, सकाळी नऊपासून. या, वाचा, सही करा. आणि पेन परत द्या, दोन आधीच गेलीत.