दोन गाण्यांच्या मधली पंगत

चित्रफीत संगणकावर उतरवणे म्हणजे कागदाची छायाप्रत काढणे नव्हे. जितक्या वेळाची कॅसेट, तितका वेळ ती प्रत्यक्ष चालवावी लागते. यंत्र ती पाहत जाते आणि टिपून घेते. मध्येच फीत तुटली, तर पुढचे हाती लागेल याचा भरवसा नाही. ही माहिती मला वर्ध्याच्या एका दुकानात मिळाली. तोवर आई तिथल्या स्टुलावर ठाण मांडून बसलीही होती.

कॅसेट थोरल्या बहिणीच्या लग्नाची. नव्वदच्या दशकाच्या आरंभी समुद्रपूरला, घरासमोरच्या मांडवात ते लग्न झाले. पुढे काही वर्षांनी वडील गेले. त्यांची छायाचित्रे घरात पुष्कळ होती, आवाज मात्र कुठेच नव्हता. तो या कॅसेटमध्ये आहे, अशी आम्हा सर्वांची खात्री होती. वडील असताना ती पाहिली तेव्हा आवाजाकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि पुढे घरचा व्हीसीआर निकामी झाल्यामुळे ती खात्री वर्षानुवर्षे तशीच राहिली. आई दुकानात आली होती ती त्या आवाजासाठी. लग्नाशी तिला कर्तव्य नव्हते.

दुकानदाराने कॅसेटचे झाकण उचलून फीत उजेडात धरली. तिच्या कडा लहरींसारख्या वाकल्या होत्या.

"सर, कुठं ठेवली होती हे?"

माझ्याआधी आईच म्हणाली, "कपाटात. चैतात शालूसंगं ऊन दाखोतो तिले. दरसाल."

"उन्हात? काकू, कॅसेट हाय का पापड?"

"शालूले कसर लागते, डाळीले किडे लागते. मंग इलेच काऊन नाई लागाचं?"

तर्क चोख होता. जे जपायचे त्याला पावसाळ्याआधी ऊन दाखवायचे, हा आमच्याकडचा नियम. त्याला अपवाद असतो हे कोणी शिकवले नव्हते.

"चालन," दुकानदार म्हणाला, "पण एकच डाव चालन असं समजा."

पडद्यावर हळद आली, वरात आली. मग मांडवाच्या दारात वडील दिसले, पांढऱ्या टोपीतले, हात जोडून पाहुण्यांशी काहीतरी बोलणारे. आई पुढे सरकली. ओठ हलत होते. ऐकू येत होते ते सिनेमातले गाणे.

"बाबू, ते गाणं बंद कर ना जरा."

"गाणं अलग नाई काकू. खालचा आवाज पुसूनच गाणं बसवलं हाय त्यायनं."

त्या काळाची ती रीतच होती. मांडवातला खरा आवाज म्हणजे गोंगाट, असे सर्वजण मानत; म्हणून शहरात नेऊन कॅसेटचे 'मिक्सिंग' करून घेत आणि गाण्यांची निवड मोठ्या हौसेने होई. मी मूळ, कच्च्या कॅसेटबद्दल विचारले. ती तेव्हाच पुढच्या लग्नात वापरली गेली असणार, असे तो म्हणाला.

पदराचे टोक बोटाला गुंडाळत आई पाहत राहिली. गाण्यामागून गाणे जात होते. वडील दिसत आणि प्रत्येक वेळी मुके दिसत.

पंगत सुरू झाली, तेव्हा एक गाणे संपले आणि दुसरे लागलेच नाही. भांड्यांचा खणखणाट एकदम खोलीत आला, आणि त्यातून एक आवाज:

"अरे, पाणी वाढा ना बे! पावणे घास धरून बसले!"

लगेच सनई वाजू लागली.

"हे खटकून राह्यलं सर," दुकानदार म्हणाला. "मिक्सिंगवाल्याची जागा सुटली. मी मागचं गाणं थोडं ओढून घेतो, समजणारही नाई."

"खबरदार हात लावशीन तर!" आई कडाडली. तिने हाताची घडी घातली आणि कॅसेट संपेपर्यंत सोडली नाही. फीत शेवटपर्यंत टिकली.

मग ती हळू म्हणाली, "इतका बारीक आवाज होता त्यायचा? मले तं मोठा वाटे."

मलाही तसेच वाटत आले होते. मी तिला तसे सांगितले.

"तेवढंच अजून लावलं तं घासन काय रे ते?"

"कॅसेट घासते काकू. आता हे कॉम्प्युटरमधी आलं. दिवसभर ऐकलं तरी नाई घासत."

आईने स्टूल पडद्याजवळ ओढले.

"मंग लाव."