पुढील शिक्षणसंस्था

शाल या वस्तूचा सिंगापुरात काहीही उपयोग नाही. इथे वर्षभर एकच ऋतू असतो आणि त्यात माणूस अंगातला बनियनही काढून ठेवायच्या विचारात असतो. तरी आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांच्या गटाकडे शालींचा एक गठ्ठा कायम तयार असे. पुण्याहून येणारा प्रत्येक जण बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीऐवजी थोडी जागा शालींना देई, आणि ज्यांच्या खांद्यावर त्या पांघरल्या जात ते महिन्याभरात 'पुढच्या वर्षाला होईल' म्हणून परत आणून देत. दर संक्रांतीला एका कोंडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये तिळगूळ समारंभ व्हायचा. ओ-लेव्हलचे, म्हणजे इथल्या दहावीचे, निकाल त्याच सुमाराला लागतात. म्हणून तिळगुळाबरोबर गुणगौरवही उरकून घेत.

मी या समारंभाची अनेक वर्षं टिंगल केली. मागच्या रांगेत बसायचं, भाषणातली विशेषणं मोजायची आणि बायकोने कोपर मारलं की थांबायचं, हा माझा संक्रांतीचा कुळाचार होता. गटाचे अध्यक्ष रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत व्हाइस प्रेसिडेंट होते. निवेदिका ते पद असं उच्चारी, की पुण्यातून नुकत्याच आलेल्या एखाद्या आजींना वाटावं, राष्ट्राध्यक्षांनंतर हेच. मी तांजोंग पगारला एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि बँकांचीच कामं करायचो. दुपारी जेवायच्या वेळी त्यांच्या एकेका लिफ्टमधून सात-आठ व्हाइस प्रेसिडेंट खाली उतरताना मी पाहिले होते.

मग माझ्या मुलीचं ओ-लेव्हल आलं.

दहावीनंतर इथे दोन मुख्य वाटा. एक ज्युनियर कॉलेजची: दोन वर्षं घासायची, ए-लेव्हल द्यायची आणि विद्यापीठात जायचं. दुसरी पॉलिटेक्निकची: तीन वर्षं एखाद्या विषयात हात मळवायचे, डिप्लोमा घ्यायचा, आणि मग नोकरी किंवा विद्यापीठ. दोन्ही वाटा तितक्याच चांगल्या आहेत असं सरकार सांगतं. आमच्या गटात तसं कोणी म्हणत नसे. 'त्यांच्या मुलाला पॉली मिळालं' हे वाक्य आमच्यात रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवावा तशा आवाजात बोललं जाई, आणि ऐकणारा विचारी, "मग आता काय करणार?"

मुलीला बारा पॉइंट मिळाले. मी पुण्याला फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. तिला रागावू नकोस." इथे पॉइंट जितके कमी तितकं चांगलं, हे मी समजावून सांगितलं. तिने विश्वास ठेवला, का मुलगा आपलं मन राखतोय असं तिला वाटलं, देव जाणे.

बारा पॉइंटांत चांगलं ज्युनियर कॉलेज मिळत होतं. मुलीला ते नको होतं.

ती नववीपासून इडलीच्या पिठाचे प्रयोग करायची. क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर सहा बरण्या असत, प्रत्येकीवर चिकटवलेली चिठ्ठी: तांदूळ कुठला, मेथी किती, मीठ आधी की नंतर, किती तासांनी किती वर आलं. या हवेत पीठ चार-पाच तासांत उतू जाई आणि ती वहीत नोंद करी. बायको म्हणे, "एक बरणी नाश्त्याला सोड गं बाई." पॉलिटेक्निकमध्ये फूड सायन्सचा डिप्लोमा होता. तिला तो करायचा होता, आणि त्यानंतर विद्यापीठ.

निकालाच्या संध्याकाळी आम्ही तिघं खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो. उसाचा रस आला, तिने एक घोट घेतला. मग म्हणाली, "बाबा, मी पॉली फर्स्ट चॉइस टाकते."

"बारा पॉइंट मिळवून?"

"सो? बारा पॉइंटवाल्यांना अलाउड नाही का?"

"अलाउड सगळंच असतं. विद्यापीठाचं काय?"

"डिप्लोमानंतर जाते लाह," तिने वाक्याला इथलं शेपूट लावलं. "लोक जातात."

"कोण जातं? एक माणूस दाखव मला."

"एक दाखवला तर चालेल? नक्की?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मग ग्लासातला बर्फ स्ट्रॉने ढवळत बसली. असा एक माणूस टेबलाशीच बसलेला होता.

मी दहावीनंतर जिल्ह्याच्या गावी सरकारी पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा केला आणि मग पुण्यात इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला दाखल झालो. वर्गात डिप्लोमाहून आलेल्या आम्हा सहा जणांना नावं नव्हती. 'ए डिप्लोमा' एवढंच. वर्कशॉपमध्ये ज्यांना लेथ चालू करता येत नसे ते आमच्याकडे यायचे, आणि कॅन्टीनमध्ये तेच आमच्यासाठी सरकून जागा करत नसत. पहिली नोकरी शोधताना एका मित्राने सल्ला दिला, बायोडेटा बी.ई.पासून सुरू कर, त्याआधीचं कोण विचारतं. मी तसं केलं. ते खोटं नव्हतं. पुढे तोंडीही मी तिथूनच सुरू करायला लागलो आणि हळूहळू माझं तरुणपण एकोणिसाव्या वर्षी सुरू झालं. आम्ही पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठी, अर्ज केला तेव्हा सरकारने सगळी सर्टिफिकेटं मागितली, म्हणून तो डिप्लोमाही फाइलमध्ये लावला. म्हणजे सिंगापूर सरकारला माहीत होतं, माझ्या आईला माहीत होतं आणि बायकोला माहीत होतं. मुलीला नव्हतं.

घरी आल्यावर बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "फाइल काढ आणि ठेव तिच्यासमोर. पाच मिनिटांचं काम आहे."

"त्याचा इथे काय संबंध? तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो ना. तेव्हा तुझे अध्यक्ष नव्हते."

मी म्हटलं, वेळ आली की सांगेन. ती 'बरं' म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झाली की त्या 'बरं'चे अर्थ लावायची गरज उरत नाही.

सरकारी अर्ज ऑनलाइन भरायचा होता. त्यात पसंतीक्रमाने बारा पर्याय, आणि मुदत बुधवारी दुपारी चारपर्यंत. तोवर क्रम कितीही वेळा बदलता येत होता. गटाचा समारंभ रविवारी होता. शनिवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गटाचा फॉर्म आला, दुपारी बारापर्यंत भरून पाठवा असा. विद्यार्थ्याचं नाव, शाळा, गुण, आणि चौथा रकाना: पुढील शिक्षणसंस्था.

मी तेव्हा बाजारात निघालो होतो, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभा होतो. तो रकाना मोकळा सोडता आला असता. 'अनिश्चित' लिहिता आलं असतं. मी फॉर्मच पाठवला नसता तर आकाश कोसळलं नसतं, कारण इतकी वर्षं ज्या कार्यक्रमाला मी हसत होतो त्यात आपली मुलगी नसण्याचं दुःख मला व्हायचं कारण नव्हतं. पण मला ती तिथे हवी होती. शाल हवी होती, नारळ हवा होता, आणि चौथ्या रकान्यात अशी संस्था हवी होती, जिचं नाव ऐकून पहिल्या रांगेतली माणसं मागे वळून माझ्याकडे पाहतील. मी ज्युनियर कॉलेजचं नाव लिहिलं. हा कागद फक्त निवेदिकेसाठी आहे, खरा अर्ज बुधवारपर्यंत उघडाच आहे, असं स्वतःला सांगितलं आणि पुढच्या स्टेशनच्या आत फॉर्म पाठवून दिला.

रविवारी नऊ मुलांचा गौरव झाला. माझ्या मुलीचं नाव आलं, मग गुण आले, मग कॉलेज आलं, आणि टाळ्या पडल्या. स्टेजची पायरी चढता चढता ती थांबली आणि वळून तिने मला गर्दीत शोधलं. मी टाळ्या वाजवत होतो. अध्यक्षांनी शाल पांघरली, नारळ दिला आणि फोटोसाठी दोघांचे चेहरे कॅमेऱ्याकडे वळवले.

तिळगूळ वाटताना ते माझ्याजवळ आले. "उत्तम निर्णय. पॉलीला गेली की मुलं भरकटतात हो. आणि नंतर लग्नाबिग्नात सांगायलाही बरं नसतं."

"खरं आहे," मी म्हटलं.

परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. शाल मांडीवर घडी करून, नारळ पायाशी पिशवीत.

"त्यांना कोणी सांगितलं?"

"फॉर्ममध्ये लिहावं लागतं काहीतरी."

"बट आय हॅवन्ट डिसाइडेड, बाबा."

"बुधवारपर्यंत बदलता येतं ना."

"मग ग्रुपवर सांग त्यांना. चेंज झालं म्हणून."

"आता कसं सांगणार? सगळ्यांसमोर झालंय."

तिने शालीची घडी उलगडून पुन्हा नीट घातली. मग म्हणाली, "ओके. कॅन." इथली मुलं 'कॅन' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा म्हणतात आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'चालेल' असाच असतो. मी तो तसाच घेतला, कारण मला तो तसाच घ्यायचा होता.

बुधवारी दुपारी तिने ज्युनियर कॉलेज पहिलं टाकलं आणि फूड सायन्स सातवं. नारळाची चटणी झाली. शाल महिन्याभरात गटाकडे परत गेली.

कॉलेजची दोन वर्षं मी इथे थोडक्यात सांगतो, कारण ती तिची होती आणि मी त्यांत फक्त ट्यूशनची वेळ विचारणारा माणूस होतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित. सकाळी अंधारात निघायची, संध्याकाळी डोळे चोळत यायची. बरण्या पहिल्या सहामाहीतच ओट्यावरून गेल्या. एकीत बायकोने तूरडाळ भरली, आणि वरची चिठ्ठी नीट निघाली नाही म्हणून त्या डाळीवर कितीतरी दिवस 'मीठ नंतर, पाच तास' असं लिहिलेलं होतं. मुलगी नापास कधीच झाली नाही. ती फक्त प्रत्येक परीक्षेत थोडी आणखी मागे पडत गेली, आणि मी प्रत्येक वेळी म्हणत गेलो की मुख्य परीक्षा अजून लांब आहे.

ए-लेव्हलचा निकाल लागला तेव्हा विद्यापीठांकडे अर्ज करण्यात फारसा अर्थ नाही, हे तिला माझ्या आधी समजलं. मी ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं. ती म्हणाली, "नको." दुसऱ्याच दिवशी तिने पॉलिटेक्निकचा अर्ज उघडला. तोच डिप्लोमा, घरापासून बसने तेच तीन थांबे, दोन वर्षं उशिरा.

अर्जाला तिची जुनी सर्टिफिकेटं हवी होती. घरातले सगळे कागद एकाच फाइलमध्ये असतात, प्रत्येकाला प्लास्टिकचं पाकीट. शनिवार होता. मी सोफ्यावर वाचत होतो आणि ती जेवणाच्या टेबलावर पाकिटं उलटत होती. मला ती फाइल आठवायला हवी होती. आठवली नाही.

"बाबा, हे तुझं?"

तिच्या हातात पिवळा पडलेला जाड कागद होता.

"हो."

तिने तो सावकाश वाचला. तिचं मराठी वाचन तसं अडखळतं, पण सर्टिफिकेट दोन्ही भाषांत होतं. "डिस्टिंक्शन," ती म्हणाली. मग स्वयंपाकघराकडे बघून, "आईला माहिती आहे?"

"आहे."

"तू म्हणाला होतास, एक माणूस दाखव."

मी काहीतरी बोलायला सुरुवात केली. आमचा काळ वेगळा होता, तिथलं पॉलिटेक्निक वेगळं, तुला तसं वागवलं जाऊ नये म्हणून, वगैरे. त्यातला शेवटचा भाग खराही होता. तिने ऐकून घेतलं. कागद पाकिटात घातला, पाकीट फाइलमध्ये होतं तिथेच, माझ्या बी.ई.च्या मागे लावलं, आणि आपले कागद स्कॅन करायला घेतले.

त्यानंतर ती माझ्याशी अबोला धरून वगैरे बसली नाही. पॉलिटेक्निक सुरू झालं, ओट्यावर चार नव्या बरण्या आल्या. वर्गातली सतरा वर्षांची मुलं तिला गमतीने 'आँटी' म्हणतात, असं तिने जेवताना हसत सांगितलं. मला एकदम कॅन्टीनमधली ती न सरकणारी मुलं आठवली. मी तिला ती गोष्ट सांगू शकलो असतो. आता सांगायला हरकत काहीच नव्हती. पण तिने विचारलं नाही आणि मी भात वाढून घेतला.

पुढच्या संक्रांतीला ती आमच्याबरोबर आली, बायकोने आग्रह केला म्हणून. कार्यक्रम संपल्यावर अध्यक्ष तिळगुळाचा डबा घेऊन आमच्यापर्यंत पोहोचले. त्यांना ती आठवत होती, निदान शाल आठवत होती.

"काय, आता काय करते आमची गुणवंत?"

ती तोंडातली वडी चावत होती, म्हणून मी उत्तर दिलं. "फूड सायन्स."

"अरे वा. कुठल्या युनिव्हर्सिटीत?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही ठाऊक नाही, आणि मी त्या प्रश्नाच्या फार जवळ जात नाही.

"पॉलीत," ती म्हणाली. "बाबासुद्धा पॉलीतलेच ना."

अध्यक्षांनी क्षणभर आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ते खळखळून हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जोक मस्त करते हो तुमची मुलगी. तुमच्यावर गेली आहे."

ती माझ्याकडे बघत होती. डबा अजून माझ्यासमोर धरलेला होता. मी एक वडी उचलली आणि हसलो.