वापरलेला कार्बन

ऐंशीच्या सुमारास तुर्भ्याच्या कारखान्याने मला काढलं आणि केस कामगार कोर्टात गेली. वाशीत तेव्हा मराठी टायपिस्ट एकच, एका इमारतीच्या जिन्याखाली बसणारे काका. त्यामुळे माझे कागदही तेच टाइप करायचे आणि कंपनीचेही. कुणी जवळून गेलं, की कागदावर अलगद पंजा ठेवायचे.

एकदा मला राहवलं नाही. “काका, कंपनीने उत्तरात काय लिहिलंय, सांगा ना. घरात फार ओढाताण चाललीय.”

त्यांनी स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला. “आधी जेवा. सकाळी कंपनीवाले पन तुमचं विचारत होते.”

जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या अर्जाची प्रत काढताना वापरलेला कार्बन पेपर उजेडाकडे धरला. माझं सगळं म्हणणं त्यावर वाचता येत होतं. त्यांनी त्याचे बारीक तुकडे केले आणि माझ्याच मुठीत दिले.