सरलाबाई आणि हळदीकुंकू बदक

बमरोलीच्या एका तळ्याकाठी कामगारांची चाळ आहे. तिच्या शेवटच्या खोलीत सरलाबाई राहतात. धुळ्याकडून लग्न होऊन त्या सुरतेला आल्या आणि तेव्हापासून घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापण्याचे काम करतात. त्यांची नजर कात्रीसारखी धारदार आहे, परंतु तिला संशयाची खोड आहे. दूधवाला जास्त गोड बोलला, तर त्या आधी दुधात बोट बुडवून पाहतात.

तळ्यावर हळदीकुंकू बदकांची एक जोडी असे. अंगावर तपकिरी पिसांचे खवले, पंखात हिरवा पट्टा, पाय शेंदरी. काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, म्हणून हे नाव. नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखेच. शेपूट वर करून ती डोके पाण्यात बुडवीत आणि पाणवनस्पती खात. त्यांच्याकडे पाहत धागे कापणे, हाच सरलाबाईंचा विसावा होता.

श्रावणात पाण्यावर एकच बदक दिसू लागले. शेजारचे हिलालभाऊ बकरीसाठी काठचे गवत कापीत. एकदा त्यांच्या सदऱ्याला मऊ पीस चिकटलेले सरलाबाईंनी पाहिले. विचारताच त्यांनी ते झटकले आणि कापूस असेल म्हणाले. संशयाला तेवढे पुरे झाले. तळ्यावरचे पाखरू मारणाऱ्याने खोली सोडावी, असा चाळीच्या शेठचा नियम होता, आणि शेठ त्याच संध्याकाळी येणार होते. हिलालभाऊंची खोली आता सरलाबाईंच्या जिभेवर होती.

पुरावा हवा म्हणून त्या गवतात शिरल्या. तोच पायाजवळून बदक निघाले, एक पंख जमिनीवर फरफटत. विळ्यानेच तोडला, असे म्हणत त्या पदर पसरून मागे धावल्या. हात पोहोचणार, एवढ्यात ते पुढे सरके. असे करीत बांध आला, आणि बदक दोन्ही पंख झाडून सरळ उडून गेले.

सरलाबाई चिखलात उभ्या राहिल्या. मागे वळून पाहतात तो हिलालभाऊ. त्यांनी न कापलेल्या गवताचा एक झुपका बाजूला सारला. आत मऊ पिसांच्या गादीवर अंडी होती. माणूस जवळ आला की मादी लंगडेपणाचे सोंग करून त्याला दूर नेते, असे त्यांनी सांगितले.

"मग माझ्यापासून का लपवलं?"

"वहिनी, तुमची कोंबडी खुडूक बसली आहे. ही अंडी तुम्ही तिच्याखाली ठेवली नसती, असं छातीवर हात ठेवून सांगा."

सरलाबाईंचा हात छातीकडे गेला नाही. अंडी दिसताच पहिला विचार तोच आला होता.

शेठ आले, चहा पिऊन गेले. तळ्याचा विषय निघाला नाही. मात्र त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सरलाबाई हिलालभाऊंना हाक मारून खुडूक कोंबडी उचलून दाखवीत.

"पाहून घ्या, भाऊ."

आणि हिलालभाऊ खरोखरच वाकून पाहत. ते पाहत असताना सरलाबाईंची नजर त्यांच्या सदऱ्यावर असे.