यमुनाबाईंच्या पुंगळ्या

यमुनाबाई पुंगळ्या कानानं निवडायच्या. सराव संपला की आमच्या नगरजवळच्या शूटिंग क्लबात जमिनीवर झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांचा सडा पडलेला असे. पदर खोचून त्या सगळ्या वेचायच्या, मूठभर घेऊन ओंजळीत हलवायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. सगळ्या धड असल्या तर खणखणीत वाजतात. एखादी तडकलेली असली तर तिचा बद्द आवाज वेगळा पडतो. "पितळ खोटं बोलत न्हाई," त्या म्हणायच्या. "मानसावानी न्हाई ते."

पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरायची क्लबला परवानगी होती. बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत दारू, वर गोळी, की काडतूस तयार. पण पितळ दर वेळी थोडं थकतं. तोंडाशी केसासारखी चीर, फुगलेली कूस, सैल बसणारी टोपी, यातलं काहीही दिसलं की यमुनाबाई ती पुंगळी बाद करायच्या. भंगारात तशीच टाकायच्या नाहीत. ऐरणीवर ठेवून हातोड्यानं चपटी करायच्या. त्याला एक घाव पुरे. त्या तीन घालायच्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "पहिला पुंगळीचा. बाकीचे दोन सेक्रेटरीचे."

हे वैर कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक होतं. क्लबाची हत्यारं सांभाळायचं काम आधी त्यांचे मालक भानुदास करायचे. शेवगावकडचा मितभाषी, माळकरी माणूस. निवडीचं काम घरी बायकोलाही शिकवलेलं. एका स्पर्धेआधी त्यांनी बाजूला काढलेल्या पुंगळ्या सेक्रेटरीनं परत भरायला लावल्या. भानुदास म्हणाले, या आता दम धरणार नाहीत. सेक्रेटरी म्हणाला, चालतात. भरलेली काडतुसं तपासायला भानुदासांनी स्वतःच पिस्तूल हातात घेतलं. तिसऱ्या बाराला पुंगळीचं बूड फाटलं, आगीचा लोळ चष्म्याच्या कडेनं आत शिरला आणि उजवा डोळा गेला.

सेक्रेटरीनं अहवालात लिहिलं की भानुदास पिऊन आले होते, दारूचं माप चुकलं. साक्षीदार म्हणून दोन सह्या हव्या होत्या. एक शिपायाची झाली, दुसरी माझी. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि राज्याच्या संघासाठी माझं नाव सेक्रेटरीच पाठवणार होता. भानुदासांच्या तोंडाला वास आल्याचं मी लिहून दिलं. वास आला नव्हता.

भानुदास कामावरून गेले. गावात लोक माळेकडे बघून हसायला लागले, तशी त्यांनी ती स्वतःच उतरवून देव्हाऱ्यात ठेवली. दुसऱ्या वर्षी ते वारले. तेराव्यानंतर आठवड्याभरात यमुनाबाई क्लबात आल्या आणि सेक्रेटरीकडे पुंगळ्या वेचायचं काम मागितलं. बाई तोंड बंद ठेवेल, असं वाटून त्यानं दिलं. हळूहळू निवडणं आणि भरणंही त्यांच्याकडेच आलं, कारण तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. नऊ वर्षं त्या त्याच्याशी एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. मी पुढे शाळेत शिक्षक झालो, क्लबात जात राहिलो. मला त्या 'सर' म्हणायच्या, डब्यातली भाकरी द्यायच्या. त्या कागदाचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही काढला नाही.

मग एका वार्षिक स्पर्धेआधी नव्या पुंगळ्या वेळेत आल्या नाहीत. सेक्रेटरीनं नुकत्याच बाद झालेल्या, अजून चपट्या न केलेल्या पुंगळ्याच भरायला सांगितलं. यमुनाबाईंनी पूर्वीसारखंच नको म्हटलं, त्यानंही पूर्वीचंच उत्तर दिलं. त्या दिवशी ऐरणीवर हातोडा वाजला नाही.

स्पर्धेचा पहिला बार दरवर्षी सेक्रेटरी काढायचा. मांडवात सगळे सभासद, बाहेरचे पाहुणे, पोलिसांतले एक अधिकारी बसले होते. यमुनाबाई दोन डब्या घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"साहेब, ह्या डबीतल्या मी निवडलेल्या. ह्या दुसरीतल्या तुमी चालतात म्हनलेल्या. पोरं ह्याच मारनार हायेत, तवा पहिला बार तुमी ह्यातलाच काढा."

सेक्रेटरी हसला. मग डबीकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. त्याचा हात पुढे आलाच नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, काय अडचण आहे? तो म्हणाला, या जुन्या आहेत, धोका आहे.

"धोका हाय हे तुमाला ठाव हुतं," यमुनाबाई म्हणाल्या. "मग माझ्या मालकाला का भरायला लावल्या?"

अधिकाऱ्यांनी जुना अहवाल मागवला. मी उठलो आणि माझी साक्ष खोटी होती हे सगळ्यांसमोर सांगितलं. महिन्याभरात सेक्रेटरीला पद सोडावं लागलं. भानुदासांवरचा ठपका लेखी पुसला गेला.

स्पर्धेच्याच संध्याकाळी मी यमुनाबाईंना भीतभीत विचारलं, त्यानं खरंच बार काढला असता तर? त्यांनी दुसऱ्या डबीतलं एक काडतूस पक्कडीनं उघडून दाखवलं. आत काही नव्हतं.

"दारू माझ्या मालकाच्या पोटात न्हवती," त्या म्हणाल्या, "आन् ह्यातबी न्हाई."

दुसऱ्या दिवशी काम सोडून त्या गावी गेल्या. उन्हाळ्यात मी भेटायला गेलो, तेव्हा ओसरीवर सेक्रेटरी बसलेला. पार खंगला होता. यमुनाबाईंनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. पाणी पिऊन तो हात जोडून माफ करा म्हणाला.

"पानी वैऱ्यालाबी द्यावं," त्या म्हणाल्या. "माफी द्यायचा हक मालकाचा हुता. ते गेले, हक बी संगं घेऊन गेले."

तो गेला. मग धीर करून म्हणालो, "मावशी, त्या कागदावर माझीही सही होती. मांडवात सांगितलं, पण तुमच्यापाशी कधी बोललो नाही."

त्या आत गेल्या आणि तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला.

"ठाव हाय, सर," त्या म्हणाल्या. "पानी घ्या."